आतड्यावाल्या मॅडम

मॅडम कुणाला नमस्कार करत नसत. माणूस समोर आला की त्याच्याकडं नीट बघत आणि विचारत, "पोट कसंय?" आणि विचारून थांबत. खरोखर उत्तराची वाट बघत. "बरंय" म्हणून सुटता येत नसे. बरं म्हणजे काय, सकाळी साफ झालं का, जेवल्यावर दुखतं का, एवढं सांगून झाल्यावरच पुढचं बोलणं सुरू होई. कॉलेजच्या झेंडावंदनाला आलेल्या तहसीलदारांनाही त्यांनी हेच विचारलं. आमच्या प्राचार्यांचा चेहरा पडला. तहसीलदार मात्र जरा इकडंतिकडं बघून हळूच म्हणाले, "मॅडम, जळजळ लई होते." झेंडा फडकल्यावर ते दोघं लिंबाच्या झाडाखाली कितीतरी वेळ बोलत उभे होते. साहेबांसाठी मांडलेला चहा साहेबांनी घ्यायचा नाही असं मॅडमनी ठरवून टाकल्यामुळं तो आम्ही मुलींनी संपवला.

गेवराईच्या कॉलेजात त्या आम्हाला प्राणिशास्त्र शिकवायच्या. उंच, काटक, केस पोरासारखे कापलेले आणि पांढरे. सुती साडीखाली कॅनव्हासचे बूट. जुन्या स्कूटीवरून येत आणि उतरल्यावरही हेल्मेट डोक्यावरच ठेवत. बाजारात वांगी घेताना, बँकेत रांगेत उभ्या असताना, हेल्मेट डोक्यावर. कुणी विचारलं तर म्हणत, "हातात धरायचा कंटाळा येतो."

दर रविवारी सकाळी त्या खाटकाच्या दुकानी जात आणि बकऱ्याचं आतडं घेऊन येत. मॅडम पिढ्यानपिढ्या माळकरी घरातल्या, अंड्यालाही हात न लावणाऱ्या. त्यामुळं गावात नाना चर्चा. कुणी म्हणे, बाई लपूनछपून खाते. कुणी म्हणे, करणी-बिरणी करते. खरं असं होतं की सोमवारी सकाळी ते आतडं आमच्या प्रॅक्टिकलच्या टेबलावर येई. त्या ते मिठाच्या पाण्यात स्वतः धूत, कात्रीनं उभं चिरत आणि भिंगाखाली धरून म्हणत, "बघा. बोट फिरवून बघा. एवढी मऊ जागा तुमच्या घरात दुसरी नाही." पोरी नाक दाबून मागं सरत. मी पुढं जायचे, कारण आमच्या घरी बोकड कापला की आतडी धुवायचं काम माझ्याकडंच असे. मॅडमची माझ्याशी ओळख झाली ती अशी.

त्यांची पीएचडी पुण्यातली. आतड्याच्या आतल्या थरात ज्या पेशी असतात, त्यांच्यावर त्यांनी कितीतरी वर्षं काम केलं होतं. शिकवताना कुठलाही धडा असला, अगदी झुरळाचा, तरी त्या फिरून तिथंच येत. शरीरात दाह सुरू झाला की काही रेणू सुटतात, ते रेणू म्हणजे निरोप. आतड्याच्या पेशींच्या अंगावर तो निरोप घेणारी प्रथिनं असतात, त्यांना रिसेप्टर म्हणायचं. एक रिसेप्टर असा आहे, की त्याच्यावर निरोपांचा मारा झाला तर पेशी मरायला लागते. दुसरा असा, की तोच निरोप त्याला मिळाला तर पेशी हलते, वाढते, शेजारची जखम बुजवायला जाते. "मी दुसऱ्यावर काम केलंय," त्या सांगायच्या, आणि सांगताना आवाज असा होई की जणू माहेरच्या कुणाबद्दल बोलताहेत.

अभ्यासक्रमात यातलं काही नव्हतं. प्राचार्यांकडं तक्रार गेली की बाई पोर्शन पूर्ण करत नाहीत. मॅडम म्हणाल्या, "पोर्शन पुस्तकात आहे, पोरांनी वाचावा. हे पुस्तकात नाही, म्हणून मी सांगते."

एवढं शिकलेली बाई पुणं सोडून गेवराईत कशाला आली, याबद्दलही गावाकडं उत्तरं होती. नापास झाली, भांडण झालं, लग्न मोडलं. एकदा मीच धीर करून विचारलं. त्या भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, "वडील अंथरुणाला खिळले होते. त्यांना या कुशीवरून त्या कुशीवर करायला माणूस लागायचं. मला वाटलं, पेशींना कुणीही बघेल." वडील त्यानंतर बरीच वर्षं जगले. ते गेले तोवर पुण्यातली जागा कुणीतरी घेतली होती आणि मॅडमला कॉलेजच्या पोरांची सवय झाली होती.

त्यांच्या घराच्या माडीवरची खोली त्या शिकणाऱ्या मुलींना देत. दुसऱ्या वर्षाला मी तिथं राहायला गेले. अटी दोनच. उपाशी झोपायचं नाही, आणि दुखलं-खुपलं लपवायचं नाही. पहिली पाळायला सोपी होती.

आमचं गाव उमापूरजवळ. माय आणि आप्पा दोघं दरसाल दसरा झाला की टोळीबरोबर ऊस तोडायला जायचे, ते उन्हाळा लागल्यावर परत यायचे. त्या वर्षी माय परत आली ती निम्मी होऊन. पोटात कळा, अंगात कणकण, आणि "लाल जातंय" एवढंच ती सांगायची. आप्पांनी तिला एका दवाखान्यात नेलं. तिनं ओटीपोटावर हात ठेवला आणि लाल जातंय म्हणाली. तिथं सोनोग्राफी झाली, गर्भपिशवीला सूज आहे, काढून टाका, असं सांगण्यात आलं. आमच्या वस्तीवर निम्म्या बायकांच्या पिशव्या काढलेल्या. कुणाला त्यात नवल वाटलं नाही. मलाही नाही. पुढचा हंगाम लागायच्या आत ऑपरेशन उरकायचं ठरलं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी माय आणि आप्पा माझ्या खोलीवर आले. मॅडम ओट्यावर बसल्या होत्या, डोक्यावर हेल्मेट. माय पायरी चढून वर आली, आणि मॅडमनी सवयीप्रमाणं विचारलं, "पोट कसंय?"

"दुखतंय जी," माय म्हणाली. "उद्या पिशवी काढायचीय."

"का?"

"लाल जातंय."

मॅडमनी हेल्मेट काढून खाली ठेवलं. कुणाशी बोलायला ते काढलेलं मी पहिल्यांदाच बघितलं. आप्पांना त्या म्हणाल्या, "तुम्ही जरा कोपऱ्यावर जाऊन चहा घेऊन या." आप्पा गेले. मग त्यांनी मायला जवळ बसवलं. "ताई, कुठून जातं? पाळीच्या वाटेनं, का संडासच्या?"

मायनं पदर तोंडावर घेतला. मी भिंतीकडं बघत राहिले. आजवर मायला हे मीही विचारलं नव्हतं. बराच वेळ गेला. मॅडम हलल्या नाहीत, दुसरा प्रश्न नाही, काही नाही. शेवटी पदराआडून माय म्हणाली, "मागून."

मग ती बोलतच सुटली. उसाच्या फडात कुठं आडोसा असतो? सारखी पळायची वेळ यायची. बाप्ये बघायचे, मुकादम ओरडायचा. म्हणून तिनं जेवणच सोडलं. पोटात काही गेलं नाही तर जावंही लागणार नाही, असा तिचा हिशोब. हे कुणाला सांगितलं नाही, आप्पांनाही नाही.

"डॉक्टरला का नाही सांगितलं?"

"त्यानं इचारलंच न्हाई की," माय म्हणाली. मग थोडं थांबून, "इचारलं असतं तर सांगितलं असतं का, ते बी सांगता येत न्हाई. कसं सांगावं वं बाई तसल्या जागंचं?"

आप्पा परत आले तेव्हा मॅडम उभ्या होत्या. उद्याचं ऑपरेशन नको, आधी संभाजीनगरला पोटाच्या डॉक्टरकडं जायचं, असं त्यांनी सांगून टाकलं. आप्पा गडबडले. त्यांना राग आला आणि तो दाखवता येईना. "मॅडम, दसरा झाला की टोळी निघतीय. तारीख मिळाली हाय. आता कावून मोडता घालता? तुमी काय डॉक्टर हाव का?"

"नाही," मॅडम म्हणाल्या. "मी माणसांची डॉक्टर नाही. पण मला एक सांगा. पिशवी काढली आणि रक्त थांबलं नाही, तर मग काय काढणार?"

आप्पा मायकडं बघत राहिले. माय खाली बघत होती. आप्पा ओट्यावर बसले, टोपी काढली, डोकं खाजवलं आणि म्हणाले, "चला मंग."

दुसऱ्या दिवशी आम्ही चौघं एसटीनं निघालो. शहागडचा पूल ओलांडला आणि मायला कळ आली. मॅडम उठून कंडक्टरकडं गेल्या. कंडक्टर म्हणाला, "मॅडम, इथं स्टॉप न्हाई."

"आतड्याला स्टॉप कळत नाही," मॅडम म्हणाल्या, एवढ्या मोठ्यानं की मागच्या बाकावरची माणसं उठून बसली. पुढं ढाबा दिसल्यावर ड्रायव्हरनं गाडी घेतली बाजूला. मी मायला घेऊन आत गेले. आम्ही परत आलो तर मॅडमचा एक पाय पायरीवर, एक रस्त्यावर. गाडी सुटूच नये म्हणून तशाच उभ्या. आत कुणीतरी कुरकुरत होतं. त्याच्याकडं वळून त्या म्हणाल्या, "तुमचं पोट कसंय?" त्यानं खिडकीकडं तोंड वळवलं. माय मान खाली घालून आपल्या जागेवर बसली. पलीकडच्या सीटवरच्या एका म्हातारीनं पिशवीतनं पाण्याची बाटली काढली आणि मायच्या हातात दिली. "आमच्या सुनंला बी असंच व्हायचं," ती म्हणाली. मायनं मान वर केली आणि दोघी पाचोडपर्यंत बोलत बसल्या.

हॉस्पिटलात तरुण डॉक्टर होते. दुर्बीण घालून आतडं बघायचं ठरलं. मॅडम म्हणाल्या, मलाही बघायचंय. डॉक्टरांनी विचारलं, "तुम्ही पेशंटच्या कोण?"

"मी तिच्या मुलीची मास्तरीण. पण तुम्ही आत्ता जे बघणार आहात, त्याच्यावर माझी पीएचडी आहे."

डॉक्टर हसले आणि त्यांनी मॅडमसाठी स्टूल मागवलं.

तासाभरानं मॅडम बाहेर आल्या. माझ्या शेजारी बाकावर बसल्या. हेल्मेट मांडीवर, त्याच्यावर दोन्ही हात. "मी आयुष्यभर प्रयोगशाळेत काचेच्या बशीत बघितलं," त्या म्हणाल्या. "नाहीतर मेलेल्या बकऱ्यात. जिवंत माणसात आज पहिल्यांदा. इतकं लाल असेल असं वाटलं नव्हतं ग." एवढं बोलून त्या उठल्या आणि आप्पांना डॉक्टरांकडं घेऊन गेल्या.

आजाराचं नाव अल्सरेटिव्ह कोलायटिस. मोठ्या आतड्याच्या आतल्या थराला जागोजागी जखमा. शरीराचाच दाह, जो विझायचं नाव घेत नाही. माय त्याला "इंग्रजी हगवण" म्हणायची. पिशवीचा यात काही संबंध नव्हता. ती आजही जागच्या जागी आहे.

त्या हंगामाला आप्पा माझ्या चुलतभावाला जोडीला घेऊन गेले आणि माय राहिली मॅडमकडं. संडासच्या शेजारची खोली मॅडमची होती. ती त्यांनी मायला दिली आणि स्वतः माडीवर माझ्या खोलीत गादी टाकली. माय लाजेनं अर्धी झाली. तर मॅडम म्हणाल्या, "या घरात संडासची लाज चालत नाही. लाजायचंच असेल तर स्वयंपाक बिघडल्यावर लाजा." गोळ्यांनी मायला उतार पडला तसा तिनं स्वयंपाक हातात घेतला. एकदा तिनं फ्रिज उघडला आणि आत डब्यात बकऱ्याचं आतडं. ती डबा घेऊन बाहेर आली.

"बाई, खायाचं न्हाई तर आनता कावून?"

"पोरांना दाखवायला."

"मेलेलं दाखवून काय कळतंय?"

मॅडमना हसू फुटलं. "काहीच नाही हो. पण जिवंत कुठून आणू?"

संक्रांतीच्या सुमाराला दुखणं उलटलं. गोळ्या चालेनाशा झाल्या. मायला पुन्हा संभाजीनगरला भरती केलं. डॉक्टर म्हणाले, आता दोन वाटा आहेत. मोठं आतडं काढून टाकायचं, नाहीतर नवं इंजेक्शन सुरू करून बघायचं. माय थकली होती. "काढून टाका म्हनावं," ती म्हणाली. "बाकीच्यांनी एक काढलं, मी दुसरं काढते. रोजची कटकट तर मिटंल."

त्या दिवशी मॅडमनी तिच्या पलंगाशेजारी बसून तिला सगळं सांगितलं. आम्हाला सांगायच्या तेच, पण सावकाश. पेशींचा थर. दाहाचा निरोप. निरोप घेणारे दोन रिसेप्टर, एक मारणारा, एक जखम भरणारा. हे इंजेक्शन निरोपच वाटेत धरतं, पेशीपर्यंत जाऊ देत नाही. मग दाह निवतो आणि थर भरून यायला सवड मिळते.

माय डोळे मिटून ऐकत होती. मग म्हणाली, "निरोपच धरला तर तुमच्या दुसऱ्याला बी मिळायचा न्हाई की."

मी मॅडमकडं बघितलं. एवढ्या वर्षांत हे वर्गात कुणी विचारलं नव्हतं, मीसुद्धा नाही.

"नाही मिळत," मॅडम म्हणाल्या. "दोघांचाही अडतो. फक्त पहिल्याचा अडवायचा आणि दुसऱ्याचा जाऊ द्यायचा, असं औषध अजून दवाखान्यात आलेलं नाही."

"तुमी त्याच्यावरच काम करत व्हता न्हवं?"

"हो."

"मंग अर्ध्यात सोडून आलाव म्हना की."

मायनं ते टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. फडात सरी अर्धी राहिली तर जसं म्हणतात तसं म्हटलं होतं. मॅडमनी मायच्या पायावरची चादर सारखी केली. म्हणाल्या, "आले सोडून."

"असू द्या," माय म्हणाली. "आहे ते तर देऊन बघू. आतडं काय, मागनं बी काढता येतंय."

इंजेक्शनआधी टीबीची तपासणी करावी लागते. मायच्या अंगात टीबी लपून बसलेला निघाला. जागा झालेला नव्हता, पण इंजेक्शननं तो उठला असता. त्यामुळं आधी टीबीच्या गोळ्या, मग इंजेक्शन. तोवर वाट बघायची. ते दिवस फार वाईट गेले. माय पांढरी पडत चाललेली, रक्ताच्या बाटल्या चढत होत्या. आप्पा फडावरनं फोन करायचे आणि बोलायचं सोडून नुसते "हं, हं" करत राहायचे. मॅडम रोज कॉलेज करून एसटीनं संभाजीनगरला येत. त्या दिवसांत त्यांनी मायला "पोट कसंय" असं एकदाही विचारलं नाही. ताटात किती उरलंय तेवढं बघायच्या.

मग एका सकाळी इंजेक्शन सुरू झालं. सलाईनमधून, थेंबथेंब. नर्स मशीन लावून गेली. मॅडम त्या थेंबांकडं बघत उभ्या राहिल्या आणि मी मॅडमकडं. काही दिवसांनी मायनं भाकरी मागितली. भाकरी चालणार नव्हती, डॉक्टर नाही म्हणाले. पण मॅडम त्या दिवशी हॉस्पिटलच्या दारातल्या गाड्यावरून एकट्यानंच दोन प्लेट भजी खाऊन आल्या आणि स्वतःचं पोट बिघडवून बसल्या.

पावसाळ्यात पुन्हा दुर्बीण झाली. या वेळी डॉक्टरांनी स्टूल आधीच मांडून ठेवलं होतं, आणि मलाही आत घेतलं. पडद्यावर एक बोगदा दिसत होता, फिका गुलाबी, ओलसर, चकाकणारा. मधेच पांढुरके वण. डॉक्टर म्हणाले, "जखमा भरल्यात." मॅडमनी एक बोट पडद्याकडं नेलं, टेकवलं नाही. "या सरकल्यात बघ," त्या माझ्या कानाशी म्हणाल्या. "कडेच्या पेशी सरकून इथवर आल्यात." मग त्या बाहेर गेल्या. मी आले तेव्हा बेसिनवर तोंड धूत होत्या, आणि तोंड धुऊन झाल्यावरही नळ चालूच होता.

त्यानंतर दोन वर्षांत मॅडम निवृत्त झाल्या. निरोप समारंभात शाल-श्रीफळ आणलं तर म्हणाल्या, शाल द्या, नारळ शिपायाला द्या. भाषण असं केलंच नाही. एवढंच म्हणाल्या, "माझं एक काम अर्धं राहिलंय. ते बघायला जाते." लोकांना वाटलं, काशी-रामेश्वर. त्या पुण्याला गेल्या. पूर्वी त्यांच्या हाताखाली शिकलेली एक बाई आता तिथं प्रयोगशाळा चालवते. मॅडमनी तिला फोन करून विचारलं होतं, बशा धुवायला कुणी हवंय का. ती बाई फोनवरच रडली म्हणे. आता मॅडम तिथं सगळ्यात म्हाताऱ्या आहेत. बशा धुतात आणि पोरांच्या प्रयोगातल्या चुका काढतात. त्यांनाही त्या पोटाचं विचारतात, असं ऐकलं.

मी उमापूरच्या शाळेत विज्ञान शिकवते. आप्पांनी फड सोडला. माय चार शेळ्या राखते आणि ठरल्या वेळी संभाजीनगरला जाऊन इंजेक्शन घेऊन येते. आता ती एसटीत एकटी जाते, आणि शेजारी एखादी बाई पोट धरून बसलेली दिसली तर तिला पहिल्यांदा काय विचारायचं ते तिला माहीत झालंय.

परवा दुपारी मॅडमचा व्हिडिओ कॉल आला. मायला दे म्हणाल्या. त्यांनी आपला फोन सूक्ष्मदर्शकाच्या डोळ्याला लावला होता. पडद्यावर आधी नुसता उजेड, मग हळूहळू एकमेकींना चिकटलेल्या गोल आकृत्यांची गर्दी. कुणा पेशंटच्या आतड्यातून घेतलेल्या पेशी होत्या त्या, बशीत वाढवलेल्या.

मायनं फोन डोळ्याजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला. "जित्त्या हायत का?"

"जिवंत आहेत," मॅडमचा आवाज आला. "बशीत वाढतात."

"मंग त्यास्नी खायाला काय घालता?"

"बरंच काय काय. मुख्य म्हणजे साखर."

"साखर!" मायचा चेहरा खुलला. "मंग आमीच तोडलेल्या उसाची असंल की ती."

तेवढ्यात मॅडमनी फोन काढून स्वतःसमोर धरला होता. पेशींना देतात ते ग्लुकोज, उसाची साखर वेगळी, हे सांगायला त्यांनी तोंड उघडलेलं मला स्पष्ट दिसलं. या एका फरकावर त्यांनी आमच्या वर्गाला अख्खा तास बाहेर उभं केलं होतं. त्या क्षणभर मायकडं बघत राहिल्या.

"असेल," मॅडम म्हणाल्या. "तुमचीच असेल."